बिनटाक्याचं ऑपरेशन

मुतखडा झाला म्हणून कुणी खूश होतं का? पण चोपड्याकडचा जीवराम पाटील झाला होता. ही शहाण्णव सालची गोष्ट.

बरं, दुखणं काही साधं नव्हतं. कळ निघाली की हा बासष्ट वर्षांचा माणूस ओसरीवर गडबडा लोळायचा. कुळथाचं पाणी पिऊन झालं, पानफुटीची पानं चावून झाली. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. शेजारच्या सुगंधाबाई दोन भाकरी देऊन जायच्या आणि दारातूनच म्हणायच्या, "आबा, दवाखानाम्हा जा आते." एकुलता एक मुलगा पंडित वरणगावच्या फॅक्टरीत कामाला, राहायला तिथल्याच क्वार्टरमध्ये. बापलेकात भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं! नुसतं येणं व्हायचं नाही. पोळ्याला सकाळच्या एस.टी.नं यायचा, संध्याकाळच्या एस.टी.नं परत. ड्युटी, पोरांच्या शाळा, काय ना काय असायचंच.

शेवटी चोपड्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तसं पोराला कळवल्यावर पंडितचं पत्र आलं. 'ऑपरेशन ठरलं की कळवा. आठ दिवसांची रजा टाकतो.'

आठ दिवस! जीवरामनं ते पत्र तीनदा वाचलं. पहिले दोन दिवस ग्लानीत जातील, ते त्यानं सोडूनच दिले. पुढे घरी जायचं. सुगंधाबाईंना सांगून भरीत करवायचं, कळण्याची भाकरी करवायची. केळीत नवं ठिबक बसवलं होतं, ते पोराला हिंडून दाखवायचं. आणि एक बोलायचं होतं. पंडितची आई गेली त्या दिवशी पंडित ड्युटीवर होता. ती शेवटी त्याच्याविषयी काय बोलली, हे पंडितनं कधी विचारलं नाही आणि यानंही कधी सांगितलं नाही. असलं काही उभ्या उभ्या सांगता येत नाही हो. त्यासाठी माणूस चार दिवस घरात असावा लागतो.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि हसून म्हणाले, "काका, नशीबवान आहात. आपल्याकडे नवं मशीन आलंय. पोट फाडायचं नाही, काही नाही. बाहेरून धक्के देतो, खडा आतल्या आत फुटतो आणि वाळूसारखा लघवीतून निघून जातो. सकाळी या, दुसऱ्या दिवशी घरी."

जीवरामचा चेहरा पडला. "दुसऱ्या दिवशी?"

"हो. टाका नाही, पट्टी नाही."

"नही डॉक्टर. माले फाडीसनच करा."

डॉक्टर बघतच राहिले. लोक फाडू नका म्हणून पाया पडतात आणि हा बाबा फाडा म्हणतोय! "का हो? मशीनची भीती वाटते?"

"भीती कसानी? पक्कं काम व्हई जाई." खरं कारण सांगायची त्याला लाज वाटली. मग त्यानं घासाघीस केली, "मंग थोडंसं तरी फाडा."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

बाहेर येऊन जीवरामनं एस.टी.डी. बूथवरून फॅक्टरीत फोन लावला. पंडित फोनवर आला. "येत्या गुरुवारे ऑपरेशन शे," जीवराम म्हणाला. मशीनचं अवाक्षर काढलं नाही. खोटं बोललो नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. एकदा रजा मंजूर झाली की पोरगा थोडाच माघारी जातोय?

गुरुवारी त्याला मशीनवर पालथा झोपवला. पाठीत कुणी न थकता टिचक्या मारतंय, असं तासभर चाललं. दुखत होतं, पण त्याच्या मनात वांगी कुठून आणायची ते चाललं होतं.

अकराच्या सुमाराला पंडित वॉर्डात शिरला. हातात मोठी बॅग, चेहरा उतरलेला. आला तसा खाटेवर बसला आणि त्यानं बापाचा हात घट्ट धरला. लग्न झाल्यापासून त्यानं हा हात कधी धरला नव्हता. जीवरामच्या डोळ्यांत पाणी आलं.

"खूप दुखतंय का, आबा?"

जीवराम हो म्हणणार, तेवढ्यात सिस्टर आली. "काय दुखतंय? ठणठणीत आहेत! आताच चालत संडासला जाऊन आले." मग तिनं मशीनची सगळी कथा सांगितली.

पंडितनं बापाचा सदरा वर करून पाहिलं. पाठीवर नुसता तांबूस डाग. त्याचा जीव भांड्यात पडला. किती आनंद झाला त्याला! त्यानं सिस्टरचे, डॉक्टरांचे आभार मानले, मोसंबी आणली, स्वतः सोलून बापाला भरवली. आणि घड्याळात पाहून म्हणाला, "बरं झालं आबा, रजा वाचली. मे महिन्यात मेव्हणीचं लग्न आहे, तेव्हा कामी येईल. तीनच्या पॅसेंजरनं भुसावळमार्गे वरणगावला निघतो."

"चार दिन राही जाय ना रे," जीवराम म्हणाला. "ठिबक दखी ले. आनि तुन्या मायनं एक..."

"पुढच्या वेळी नक्की, आबा. आता तर तुम्ही एकदम फिट."

कॉलनीत राहून पंडितची भाषा सुधारली होती. जीवरामच्या मते बिघडली होती. पंडितनं बॅग उचलली, तेव्हा मात्र म्हाताऱ्याला राहवलं नाही.

"माले फाडं व्हतं, ते तू आठ दिन राही जाता, नही का?"

पंडित खो खो हसला. "ऐकलंत का सिस्टर, आबा काय म्हणतात?" सिस्टर हसली. शेजारच्या खाटेवरचा पेशंट टाके धरून हसला, त्याच्या उशापायथ्याशी बसलेले चारपाच नातेवाईकही हसले. सगळेच हसतात म्हटल्यावर जीवरामही हसला, आणि पंडित दारातून दिसेनासा होईपर्यंत हसत राहिला.