ओट्यामागची भिंत

धाकट्या जावेने दार वाजवलं तेव्हा थोरली नुकतीच पडद्यांच्या दुकानातल्या कामावरून येऊन पाय वर घेऊन बसली होती.

"ताई, टाइलच्या दुकानात याल का माझ्याबरोबर? आमचं स्वयंपाकघर बघून बघून मला झोप यायला लागलीय. कपाटं बिस्किटी, भिंत बिस्किटी, ओटा बिस्किटी. काल ओट्यावर बिस्किट ठेवलं, ते सापडेना मला!"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. थोरलीही हसली, पण तोंडदेखलं. तिचंही स्वयंपाकघर बिस्किटीच होतं आणि इतकी वर्षं ती येणाऱ्याजाणाऱ्याला "मला बाई शांत रंगच आवडतात" असं सांगत आली होती.

दोघा भावांनी एकाच मजल्यावर समोरासमोर घरं घेतली होती. निवडायची पाळी आधी थोरलीची आली. तिने मोठ्या बाल्कनीवर बोट ठेवलं, उरलेलं घर धाकटीला गेलं. त्या उरलेल्या घराच्या स्वयंपाकघरात दुपारभर ऊन येतं हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. थोरलीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर मात्र शेजारच्या इमारतीची भिंत होती, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ.

सासूबाई राहायला थोरलीकडे होत्या. पण जेवणं झाली की "जरा पाय मोकळे करून येते" म्हणायच्या आणि ते पाय बरोबर समोरच्या दारात जाऊन मोकळे व्हायचे. थोरलीचा नवराही कामावरून आला की आधी समोर डोकवायचा. त्याचं हसू तिला मधल्या जागेतून ऐकू यायचं, मग तो घरात यायचा आणि विचारायचा, "जेवायला काय आहे?" धाकटी भाजी करपवायची, किल्ल्या हरवायची, बेसूर गायची आणि या सगळ्याचं कौतुक व्हायचं. थोरलीची भाजी कधी करपली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल कोणाला काही बोलण्यासारखंच नसायचं.

एक गोष्ट मात्र तिची स्वतःची होती, रंगाची नजर. पडद्यांच्या दुकानात गिऱ्हाईक सोफ्याची उशी घेऊन आलं की ती जागेवरूनच म्हणायची, "वरून तिसरा तागा काढा." आणि तो नेमका जुळायचा. मालक स्वतः तिला विचारल्याशिवाय माल भरत नसे. आता या नजरेचीही धाकटीला गरज पडली होती. आता हेही हिलाच द्यायचं का, असं थोरलीच्या मनात आलं. पण सासूबाईंसमोर नाही कसं म्हणणार?

टाइलच्या दुकानात पाऊल ठेवताच योग्य टाइल तिला दिसली. निळसर हिरवी, फिकी, गुळगुळीत. बिस्किटी कपाटांमध्ये ती अशी बसली असती की बघणाऱ्याचा जीव निवावा. थोरलीने तिच्याकडे पाठ केली आणि थेट मागे गेली. तिथे टवके उडालेल्या बेसिनांच्या आड एक धूळ खात पडलेली रास होती. मोहरीसारखा पिवळा रंग, मधूनच शेवाळी छटा, आणि अंग असं उंचसखल की कोणीतरी रागारागाने थापल्यासारखं. हा पिवळा बिस्किटी रंगाशेजारी आला की तो आजारी दिसणार आणि बिस्किटी मळका. दोन्ही मिळून घराला कावीळ झाल्यासारखं दिसणार. ट्यूबलाइटखाली उभ्या उभ्या तिला ते स्वच्छ दिसलं.

"ही घे," ती म्हणाली.

दुकानदार कानामागे खाजवत म्हणाला, "बाई, हा माल कोणी नेत नाही. परत पाठवायचाय."

"लोकांना नजर नसते," थोरली म्हणाली.

धाकटीने एक टाइल उचलली, उलटीसुलटी केली, मग जावेकडे बघितलं. "नक्की, ताई?"

"डोळे मिटून घे."

एकदा जीभ सुटल्यावर ती थांबेना. ओट्यावर टांगायला टोमॅटोसारखा लाल पत्र्याचा दिवा तिने सुचवला, कपाटांना तांब्याच्या मुठी, आणि स्टुलं तीन तर तिन्ही तीन रंगांची. धाकटी मान डोलावत होती. शेवटी म्हणाली, "आज एकच टाइल नेते. बाकीचं नंतर सांगते." आठवड्याने तिने सगळंच मागवलं.

काम चालू असताना थोरली रोज संध्याकाळी डोकावून यायची. सगळीकडे सिमेंटचा धुरळा, सांधे अजून भरलेले नाहीत, भिंत दात पडलेल्या तोंडासारखी. मिस्त्री थापी हातात धरून म्हणाला, "अशी टाइल मी पहिल्यांदाच लावतोय." थोरलीला इतकं बरं वाटलं की तिने घरी जाऊन त्याच्यासाठी चहा करून आणला. त्या दिवसांत ती नवऱ्याशी गोड बोलायची, सासूबाईंच्या पायांना तेल चोळून द्यायची. तिला वाटायचं, आपलं मन निवळलंय.

काम संपलं त्या रविवारी धाकटीने सगळ्यांना दुपारी बोलावलं. थोरलीने घरूनच चेहरा तयार करून नेला होता, 'अरेरे, असं कसं झालं' असा. दारातून आत गेली आणि तो चेहरा कुठे ठेवावा हे तिला कळेना.

ऊन थेट भिंतीवर पडलं होतं. त्या उंचसखल अंगावर ते जागोजागी अडत होतं, घसरत होतं, एक टाइल मधासारखी तर शेजारची पिकल्या पानासारखी. बिस्किटी कपाटं आता बिस्किटी नव्हतीच, ताज्या लोण्यासारखी दिसत होती. तांब्याच्या मुठी लुकलुकत होत्या. लाल दिवा तर कोणी कपाळावर नेमकं कुंकू लावावं तसा बसला होता. तिने ट्यूबलाइटखाली हिशेब केला होता. उन्हाचा केलाच नव्हता. तिच्या स्वयंपाकघरात ते येत नव्हतं, तर सुचणार कुठून?

"अगं बाई!" सासूबाई दारातच थबकल्या. "हे तर चित्रातलं दिसतंय."

"सगळं ताईंनी निवडलंय," धाकटी म्हणाली. "माझं काही नाही यात. मी नुसती मान डोलावली."

सगळे थोरलीकडे वळले. दिराने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्या घरात मधोमध उभी होती आणि सगळे तिच्याबद्दल बोलत होते. तिच्या मनात मात्र येत होतं, हे कौतुक खरं असतं तर? असंच स्वयंपाकघर आपलं असतं तर?

नवरा सहज म्हणाला, "काय गं, इतकं सुचतं तुला, तर आपल्या घरात का नाही केलंस कधी?"

तो वाईट बोलला नव्हता. पण ते वाक्य तिने घरी नेलं, उशाखाली घेऊन झोपली आणि सकाळी उठल्यावर ते तिथेच होतं.

चार दिवस तिचा जळफळाट चालला. समोरून हसू आलं की ती हातातलं भांडं आपटायची. शेवटी दुकानातून निघाली ती तडक टाइलवाल्याकडे गेली. रास संपत आली होती, पण तिच्या ओट्यामागच्या भिंतीपुरत्या टाइल होत्या. "नजर असलेली माणसं वाढली म्हणायची," दुकानदार म्हणाला. तिने पैसे मोजून ठेवले. तोच मिस्त्री बोलावला. त्याने अंधाऱ्या खिडकीकडे एकदा बघितलं, तिच्याकडे एकदा बघितलं आणि गप कामाला लागला.

काम झालं आणि ती समोर उभी राहिली. घराला कावीळ झाली होती. अगदी तिने सांगितलं असतं तश्शी. इतका अचूक तिचा अंदाज दुकानातही कधी ठरला नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, "दिवा लाव गं, जरा." दिवा लावला. मग म्हणाल्या, "घालव." आणि पाय मोकळे करायला गेल्या.

दुपारी धाकटी आली. दारात उभी राहून तिने भिंत बघितली. थोरली वाट बघत होती, ही आता हसेल. धाकटी हसली नाही.

"ताई, इथे ही नाही चालणार हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"माहीत असतं तर लावली असती का?"

"होतं. आमच्याकडेही चालणार नाही असंच वाटलं होतं तुम्हाला. त्या दुकानदाराचं तोंड बघून आलं माझ्या लक्षात. म्हणून तर एकच टाइल नेली. ओट्यावर उभी करून ठेवली. सकाळी भयाण दिसली. म्हटलं, ताईंनी चांगलाच हात दाखवला. मग दुपारी पाणी प्यायला गेले, आणि बघतच राहिले."

थोरलीने नळ सोडला आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला घेतले. विसळता विसळता म्हणाली, "मग सगळ्यांसमोर माझं नाव कशाला सांगितलंस?"

"निवडली तुम्हीच होती ना? आणि..." धाकटी जराशी अडखळली. "आई म्हणतात, तुमचं कौतुक करायचं राहूनच जातं सगळ्यांकडून."

म्हणजे ते कौतुकसुद्धा हिनेच वाढलं होतं, आपल्या ताटातलं काढून! थोरलीच्या अंगाचा भडका उडाला. ही वाईट असती तर किती सोपं झालं असतं. चांगुलपणातही ही पुढे, आता हिचा हेवा करायचा तरी कुठून कुठवर?

"तू जा," ती म्हणाली. धाकटी गेली.

थोरली तिथेच स्टूल ओढून बसली. खूप दिवसांनी ती आपल्या स्वयंपाकघराकडे बघत होती, समोरच्याशी तुलना न करता. अंधारी खोली. ऊन येणार नाही, कधीच नाही. दुकानात कोणी असल्या खोलीची खिडकी सांगितली असती तर ती काय म्हणाली असती? फिका रंग दाखवलाच नसता. फिका रंग अंधारात राखेसारखा दिसतो. म्हणाली असती, गडद काढा. अंधार आहे तर अंधारालाच नेसवा.

मिस्त्रीने छिन्नीने पिवळ्या टाइल उतरवल्या. "मोडू नकोस, काढता आल्या तर बघ," ती म्हणाली, पण निम्म्या मोडल्याच. त्या जागी तिने गडद निळा रंग लावून घेतला, रात्री उशिराच्या आभाळासारखा, आणि त्यावर फिक्या लाकडाची एकच लांब फळी. फळीखाली पिवळसर उजेडाच्या दिव्यांची पट्टी. फळीवर पांढऱ्या बरण्या. बिस्किटी कपाटं त्या निळ्यासमोर पुढे आल्यासारखी, उजळ दिसायला लागली. मुठी तिने बदलल्या नाहीत. तांब्याच्या घ्यायचा मोह झाला होता, पण मागे सारला.

नवरा म्हणाला, "हे कोणाकडे बघितलंस?"

"कोणाकडे नाही," ती म्हणाली, आणि ते खरं होतं म्हणून तिला आणखी काही सांगावंसं वाटलं नाही.

सासूबाईंनी फळीखालचा दिवा दोनदा लावून बघितला. "संध्याकाळी छान वाटतं इथे," म्हणाल्या. त्यानंतर संध्याकाळी त्या घरातच बसू लागल्या, भाजी निवडत. दुपारी मात्र त्यांचे पाय समोरच मोकळे होत. उन्हाला थोरली काय करणार होती?

धाकटी बघायला आली तेव्हा भिंतीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. "मला हे सात जन्मांत सुचलं नसतं, ताई," ती म्हणाली. आवाजात काहीतरी लहानसं टोचणारं होतं, आणि ते नेमकं काय हे थोरलीने तत्क्षणी ओळखलं. ती त्यातली जुनी जाणकार होती. तिला फार बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाजही वाटली, पण थोडीच.

"चहा घेऊन जा," ती म्हणाली.