कोटाच्या डाव्या खिशात

माझा धाकटा भाऊ लेखक आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते.

त्याची कादंबरी एका साप्ताहिकात दर आठवड्याला येते. मध्यंतरी संपादकांनी सुनावलं, "नायक-नायिका ठीक आहेत हो, पण बाकीची माणसं पुठ्ठ्याची वाटतात. लक्षात राहतील अशी करा, नाहीतर थांबवू." झालं! साहेब वही घेऊन माझ्या लाँड्रीत स्टुलावर येऊन बसले. म्हणे, "ताई, तुझ्याकडे नाना तऱ्हेची माणसं येतात. मी कोपऱ्यात गप्प बसेन." गप्प बसला खरा, पण पेन कुठे गप्प बसतंय!

त्याची रीत अशी, की माणूस दिसला की चिकटव त्याला एक खोड. कोणी तोतरा, कोणी लंगडा. त्याशिवाय वाचकांच्या लक्षात कसे राहणार म्हणे! समोरच्या शाळेतल्या बाईंना त्याने तोतरं केलं. अख्ख्या शाळेने वाचलं. बाई आता रस्त्यात मला बघून मान फिरवतात. करणारा नामानिराळा आणि बोलणी खाते मी.

पण त्याने कोटवाल्यांना हात घातला तेव्हा माझं डोकंच फिरलं.

कोटवाले म्हणजे सत्तरीचे एक गृहस्थ. दर महिन्याला एकच कोट धुवायला आणतात. बायकांचा, शेवाळी रंगाचा, आणि कधीच न मळलेला. भावाने लिहिलं, एक लंगडा, भ्रमिष्ट म्हातारा धुतलेलाच कोट पुन्हा पुन्हा धुवून घेतो. वाचक पोट धरून हसले, संपादक खूश. आणि कोटवाले कोट न्यायला फिरकलेच नाहीत. महिना झाला, कोट माझ्या दांडीवर लटकतोय. पत्ता मी कधी विचारला नव्हता.

"तो त्यांच्या बायकोचा कोट आहे, गाढवा!" मी भावाला झापलं. "पूर्वी त्या स्वतः आणायच्या. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन."

कपडा धुण्याआधी खिसे रिकामे करायचे आणि निघेल ते पाकिटात घालून परत द्यायचं, हा आमचा नियम. त्या स्वतः कोट आणायच्या, तेव्हा डाव्या खिशात कायम आल्याची गोळी असायची. त्या गेल्या, कोट हे आणायला लागले, आणि त्या खिशात अजूनही दर वेळी एक नवी गोळी निघते. मी ती पाकिटात घालून देते. त्यावर आम्ही कधी एक शब्द बोललेलो नाही.

भाऊ वही उघडत म्हणतो कसा, "भारी आहे गं हे! पुढच्या भागात टाकतो."

मी हँगर उचलला. "एक अक्षर लिहिलंस तर बघ! आधी त्यांना शोधून माफी माग. कोट इथेच राहिला, तर या दुकानाची पायरी चढू नकोस."

चार दिवस वणवण हिंडला. कोणाला काही सांगता येईना, कारण हा शहाणा विचारत होता, "लंगडत चालणारे आजोबा पाहिलेत का?" अरे, ते कुठे लंगडतात? ती तुझी करामत! खरे ते कसे दिसतात हे सांगायला गेला, तर याला आठवेना. दोन महिने समोर बसून! शेवटी कोटच हातावर घेऊन हिंडला. तो मात्र तिसऱ्या गल्लीत लोकांनी लगेच ओळखला.

त्यांना घेऊनच दुकानात आला. माफी मागून झाली होती. कोटवाले स्टुलावर टेकले. मी पाकीट पुढे केलं, तर ते त्यांनी नुसतंच हातात धरलं.

"लंगडा केलंत, भ्रमिष्ट केलंत. वाईट वाटलं," ते म्हणाले. "पण त्याहून एक लागलं. कोटाबद्दल पानभर लिहिलंत, आणि त्यात ती कुठेच नाही."

भाऊ खाली मान घालून म्हणाला, "कशा होत्या त्या?"

"बस लागायची तिला. खिशात गोळी असल्याशिवाय घराबाहेर पडायची नाही. चढताना मला विचारायची, 'गोळी आहे ना?' खिसा तिचा आणि विचारायची मला!" ते हसले आणि थांबले. भावाने वही मिटून ठेवली होती. त्यांनी ती उघडून त्याच्यासमोर सरकवली.

तरी हा ढिम्म, डोळे पुसत बसलेला.

"लिही की, मेल्या!" मी ओरडले, आणि पेन उचलून त्याच्या हातात दिलं.