कुणाल, हिरव्याकडे

फोटो, डिलीट केलेला:

एका बाजूला लाल धूर, दुसऱ्या बाजूला हिरवा. मधे मी, नुकतेच डोळे उघडलेली, हिरव्याकडे बघते आहे. तिथे कोणी नाही. माझ्या पाठीमागे, लाल धुरात, कुणाल एकटाच हसत उभा आहे.

थांबा. आधी जागा.

दिघाशीच्या बाहेर भात कापून मोकळं झालेलं शेत. मनोज फोटोग्राफरने दोन डबे मातीत रोवलेत. रिंग ओढली की थोडा वेळ रंगीत धूर. माझं आणि कुणालचं लग्न पुढच्या महिन्यात. सोबत आक्का, बाबांची थोरली बहीण, कारण लग्नाआधी पोरापोरीला रानात एकटं सोडायचं नाही. ती बांधावर छत्री उघडून बसली आहे.

सीन सोपा होता. मी डोळे मिटायचे, कुणालने हिरव्या धुरात जायचं, मी डोळे उघडायचे.

"लालमधे गेलास रे," मनोज म्हणाला. "पुन्हा. हिरव्याकडे."

"सॉरी दादा. उजवीकडचा ना?"

पण वारा फिरला होता, म्हणून मनोजने नवे डबे रोवताना बाजू बदलल्या. कुणाल सरळ उजवीकडे गेला.

फोटो, डिलीट केलेला: वरचाच, उलटा.

आक्का

उठली. छत्री मिटली. हलक्या पावलांनी कुणालच्या मागे गेली आणि कुजबुजली, "जावयबापू, पाठीला गोम हाय."

कुणाल हातभर उडाला.

"आयकू तर येतं," आक्का मला म्हणाली. "मंग सांगितलेलं न्हाय कसं करत? आतापासूनच?"

मनोज गाडीतून आणखी डबे आणायला गेला. मी कुणालला बांधाच्या पलीकडे नेलं.

मी मॅचिंग सेंटरमधे काम करते. पोपटी, शेवाळी, मेंदी, मोरपंखी, बाटली हिरवा. बायका साडी घेऊन येतात, मी न बघता फळीवरून ब्लाउजपीस काढते. मला बघायला आला तेव्हा कुणाल माझ्या साडीला "छान रंग" म्हणाला होता. कुठला, ते म्हणाला नव्हता.

"तुला दोन्ही सारखेच दिसतात?"

त्याने पायाने एक ढेकूळ फोडलं. मग म्हणाला, "आधी एक स्थळ याच्यावरूनच मोडलं. पोराच्या डोळ्यात खोट हाय म्हणाले. तू सांगशील घरी?"

खरं सांगायचं तर प्रश्न ऐकूच आला नाही नीट. माझ्या डोक्यात दुसरेच सुरू झाले होते.

सिग्नल?

"लाल वर, हिरवा खाली. जागा पाठ हाय."

मिरची?

"लाल झाली की सुरकुतते."

गोडाऊनमधले स्टिकर? (तो वडप्याला सुपरवायझर आहे.)

"हिरवा डाव्या कोपऱ्यात लावायचा, लाल उजव्या. हा नियम मीच काढला. साहेबांनी शाबासकी दिली." तो पहिल्यांदा हसला. "धुराला काय? ना कोपरा, ना सुरकुती. नुसता रंग. त्यानेच फसवलं."

पिवळा?

"दिसतो. हळदीला चुकणार न्हाय."

कुंकू? माझा चुडा?

"चुडा वाजतो ना."

मग मला कसलं तरी वाईट वाटायला हवं होतं. फसवलं वगैरे. मी शोधून पाहिलं. त्या जागी नुसतं: कसं दिसत असेल? पोपटी कुठे जातो? शेवाळी आणि डाळिंबी शेजारी ठेवले तर मधली रेघ...

"अगं पूर्वी, तू सांगशील का, ते विचारलं मी."

"थांब ना. मेंदी कसा दिसतो?"

मनोज परत आला. डबे दोनच उरले होते. आक्काही आली. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे तिच्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर मीच द्यायचं होतं.

मी तोंड उघडलं, पण कुणालच बोलला. "आक्का, कान चांगले हायत. लाल आणि हिरवा वेगळा न्हाय कळत मला. जन्मापासून." तोवर मी इतकं विचारलं होतं की लपवायला त्याच्याकडे काही उरलं नसावं.

आक्काने छत्रीचं टोक मातीत टोचलं. एकदा. दोनदा.

"आमच्या यांना बायकोच दिसत न्हवती," ती म्हणाली. "जन्म काडला मी. तुला ही दिसते ना?"

"हो."

"मंग घरी मी बघते. पण सांगायचं आधी. मी बहिरा समजले."

"मनोजदादा," मी म्हटलं, "दोन्ही डबे एकाच जागी रोवा. चिकटून."

"घाण होईल रंग."

"होऊ दे."

रिंगा ओढल्या. लाल आणि हिरवा सुटे वर आले, मग एकमेकांत शिरले, आणि शेतावर एक मातकट ढग उभा राहिला. आक्का म्हणाली, "शेणासारका." मी कुणालचा हात धरून आत गेले. समोर बोट केलं.

"तुला आधीपासून हा असा दिसत होता?"

त्याने धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कसा असा? मला तर काहीच बदललेलं न्हाय."

हा रंग आमच्या दुकानात आहे. सगळ्यात वरच्या फळीवर. कोणी मागत नाही, म्हणून त्याला नाव पडलेलं नाही.

फोटो, मनोज डिलीट करणार होता, मी करू दिला नाही:

सगळा धूर. आम्ही कुठेतरी आत आहोत.