फक्त पीकविम्यासाठी

शुक्रवार, २१ जुलै २०१७. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. वर्धा शहरातल्या एका कचेरीसमोरचं झेरॉक्सचं दुकान. माझा जन्म तिथला.

मी एक झेरॉक्स आहे. पवनारच्या देवकाबाईंच्या आधार कार्डाची दुसरी प्रत.

जन्म म्हणजे काय झालं, तर काचेखालून एक हिरवट उजेड सरकत गेला आणि मी गरम गरम बाहेर आले. अंगावर एका बाईचा चेहरा होता. डोळे कुठे, नाक कुठे, काही पत्ता नाही.

"बबनराव, हे मी होय का कोयसा?" देवकाबाईंनी दुकानदाराला विचारलं.

"मशीनले काय समजते, मावशी. मुंडकं दिसलं म्हणजे झालं. पण यावर आडवं लिहून द्या, कायसाठी देऊन राह्यल्या ते. जमाना चांगला नाई."

देवकाबाई चौथी शिकलेल्या. वांगी आणि मेथी पिकवून वर्ध्याच्या बाजारात विकणाऱ्या. त्यांनी काउंटरवर कोपर टेकवलं आणि निळ्या पेनानं दोन्ही प्रतींवर, एकेक अक्षर दाबून, लिहिलं: 'फक्त पीकविम्यासाठी. देवका.' खाली तारीख. ते पेन माझ्या अंगावरून फिरताना नांगर फिरावा तसं वाटलं. तेवढीच एक गोष्ट माझी स्वतःची होती. बाकी सगळी मी नक्कल.

विम्याच्या खिडकीवरच्या माणसानं दोन्ही प्रती मागून घेतल्या.

"एक त लावली फारमाले. दुसरी कायले जी?"

"असू द्या. मागाहून लागते."

देवकाबाईंनी मान डोलावली. आपल्याकडे माणूस खिडकीशी भांडत नाही. जास्तीची एक देऊन टाकतो. माझी बहीण अर्जाला टाचली गेली आणि मी ट्रेमध्ये पालथी पडले.

तिथले दिवस गुंगीचे होते. वर पंखा फिरायचा, माझं एक टोक हलायचं. कागदाला वेळ कळत नाही, ओल कळते. सोयाबीन फुलावर आलं असेल, पवनारजवळ धाम नदी भरली असेल, असं मी ओलीवरून समजायची.

मग एका दिवशी एका हातानं मला उचललं. मी पालथीच होते, चेहरा दिसला नाही. तळवा गरम होता आणि बोटांना खर्र्याचा, तंबाखू-सुपारीचा वास होता. अर्धा जिल्हा खर्रा खातो.

पुढचा मुक्काम सिंदी मेघेच्या बाजूला, मोबाईलच्या एका दुकानात. एका अर्जावर कुणा अनोळखी बाईचा फोटो चिकटवलेला होता. खाली देवकाबाईंच्या नावाची झोकदार इंग्रजी सही. मला त्या अर्जामागे टाचलं. माझ्यावरची निळी अक्षरं नाकासमोर होती. कुणी वाचली नाहीत. नखाएवढं एक सिम कार्ड माझ्या नावावर दुकानाबाहेर पडलं आणि मी गोदामातल्या गठ्ठ्यात गेले.

ते कार्ड कुठे फिरतंय याची मी स्वप्नं पाहायची. वाटायचं, कुणी बहिणीशी बोलत असेल, कुणी माहेरी पोचल्याचं कळवत असेल.

खरं काय ते मला दोन वर्षांनी कळलं, गोदामातून पोलिसांच्या फायलीत गेल्यावर. शेजारच्या कागदांनी सांगितलं. परराज्यातल्या एका शहरात चौघांनी जिहादच्या नावाखाली टोळी उभी केली होती. फोनवरून भाषणं पाठवायची, एकटी पडलेली तरुण पोरं हेरायची, त्यांना घरापासून तोडायचं. चाराचे एकोणीस झाले, तीन राज्यांत खोल्या झाल्या, एका खोलीत स्फोटकं आली. निशाण्यावर गर्दीची बाजारपेठ होती. या सगळ्यांना बोलायला परक्या नावाचे फोन लागत. त्यातला एक देवकाबाईंच्या नावाचा.

माझ्या खाली एक रेघी कागद होता. रशीद नावाच्या शिंप्याचा अर्ज. 'माझा मुलगा आमच्याबरोबर नमाजला येत नाही. म्हणतो, तुम्ही खरे मुसलमान नाही. कुणीतरी त्याला भुलवतंय. लोक मरायच्या आत थांबवा.' त्या अर्जावरून धागा सापडला. मार्चच्या एका सकाळी खोल्यांवर छापे पडले आणि जाळं तुटलं. रशीदच्या मुलाला पुढे नऊ वर्षांची शिक्षा झाली. तो कागद फार बोलायचा नाही. घडीवरून झिजत चालला होता.

छाप्यांच्याच महिन्यात मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पवनारला नेलं. देवकाबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"तुमचा मोबाईल कुठाय?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"मायाकडं मोबाईलच नाई, साहेब. लेकीचा फोन शेजारच्या किशोरकडं येते. तो भिंतीवरून हाका मारते."

त्यांनी मला पुढे धरलं. देवकाबाईंनी मला लगेच ओळखलं.

"हे त मीच लिवलं. वाचा न जी, विम्यासाठी म्हणून लिवलं हाय."

अधिकाऱ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. जबाब घेतला आणि चहा पिऊन गेला. फायलीत मात्र देवकाबाईंच्या नावापुढे शब्द राहिला: सिमधारक.

बाजारात रामाजी नावाचा भाजीवाला ओरडायचा, "देवकाबाईचं वांगं दुरूनच पाहा, फुटन!" लोक हसायचे. देवकाबाईही हसायच्या. मग त्यांनी बाजारातली जागा बदलली.

खटला संपला. अधिकाऱ्यांचे सत्कार झाले, फोटो निघाले. मी नागपूरच्या न्यायालयात पुराव्यातली निशाणी १४३ होऊन कपाटात झोपले.

गेल्या वर्षी देवकाबाईंची नात आकांक्षा पोलीस भरतीत निवडली गेली. हिंगणीच्या मामाकडे राहून, बोर धरणाच्या रस्त्यावर पहाटे धावून तयारी केलेली पोरगी. चारित्र्य पडताळणीत तिचा कागद अडकला. शेरा आला: 'आजीचे नाव दहशतवादी प्रकरणात. अभिप्राय प्रलंबित.'

"माह्यामुळं झालं," देवकाबाई म्हणाल्या.

"तू काय केलं, आजी? तू त लिहून देल्लं होतं."

आकांक्षानं न्यायालयात माझ्या नकलेसाठी अर्ज केला. पुन्हा तो हिरवट उजेड माझ्यावरून सरकला आणि माझ्या पोटातून एक गरम कागद निघाला. निळी अक्षरं त्याच्या अंगावर काळी झाली होती, पण एकही गळलं नव्हतं.

ती नक्कल आकांक्षानं पडताळणीच्या टेबलावर ठेवली.

"सर, विम्याच्या खिडकीत देल्लेला कागद मोबाईलच्या दुकानात कोणं नेला?"

"ते आमच्या अखत्यारीत नाही, ताई."

"मग कोणाच्या?"

साहेबांनी नक्कल फायलीला लावली आणि फाईल बंद केली.

रुजू व्हायची तारीख उलटून चार महिने झाले. आकांक्षा रोज पहाटे धावतेच आहे. मी कपाटात आहे. दार उघडलं की थोडा उजेड येतो आणि मला जन्म आठवतो. माझ्याकडे मागण्यासारखं फार नाही. एकदा कुणीतरी मला सरळ करून वाचावं, एवढंच.

दोषारोपपत्र दोन हजार एकशे चाळीस पानांचं आहे. जबाब एकशे सत्त्याऐंशी लोकांचे. त्यात देवकाबाईंचा आहे, बबनरावांचा आहे, मोबाईलच्या दुकानदाराचाही आहे. विम्याच्या त्या खिडकीमागे बसणाऱ्या एकाही माणसाचा नाही.