गुरुपादप्पाच्या गाळ्यात पार्लर

अहमदपूरच्या मेन रोडवर एवढा मोक्याचा गाळा आपल्याला सहज कसा मिळाला, हे शिवकन्यानं कुणाला विचारलं नाही. पार्लर उघडल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं. एक माणूस मोटारसायकल तशीच चालू ठेवून आत शिरला आणि म्हणाला, "ताई, दोन बांबू, एक मडकं, पांढरं कापड. लवकर करा, पाव्हणे येऊन राहिलेत."

"इथं आयब्रो करतात," शिवकन्या म्हणाली.

तो भिंतीवरच्या नवरीच्या फोटोकडं बघत राहिला. "आमची म्हातारी गेलीय ताई. तिला आता आयब्रो कशाला?"

तीस वर्षं त्या गाळ्यात गुरुपादप्पा मयताचं सामान विकायचे. गेल्या वर्षी ते लेकीकडं मुरुडला राहायला गेले, पण गावाचे पाय सवयीनं इथंच वळत होते.

त्यात शिल्पाच्या लग्नाचं काम आलं. नवरी आत येऊन खुर्चीत बसली. मागून तिच्या होणाऱ्या सासूबाई, दानम्मा, आल्या आणि पायरीवरच थांबल्या.

"माझी सून इथं नटणार न्हाई. इथून माणसं थेट मसणात जात्यात."

शिवकन्या रडकुंडीला आली. शेजारच्या टपरीत उद्धवराव घड्याळं दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं एकाच स्टुलावर बसून मेन रोडची सगळी कुळं त्यांना पाठ झाली होती. डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच त्यांनी विचारलं, "वहिनी, पोराचा सूट कुठून घेतला?"

"समोरून. गावात एक नंबर दुकान हाय."

"हाव, लई चांगलं. आधी तिथं जनावरांचा डॉक्टर बसायचा. आता कपडे घालून बघायची खोली हाय ना, तिथं गोऱ्हे खच्ची करायचे."

शिल्पाला फस्सकन हसू फुटलं.

"आन् लाडू?"

"चौकातून," दानम्मा जपून म्हणाल्या.

"तिथं मुतारी होती."

"बस करा भाऊजी! आता मंगल कार्यालयाचंबी सांगाल!"

"त्याचं विचारूच नका."

दानम्मांनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग चप्पल काढून मुकाट्यानं आत येऊन बसल्या.

शिल्पाच्या अंबाड्याला पिना लागत होत्या. दानम्मा एकदम म्हणाल्या, "मी आलेय इथं आधी. आमचे मालक गेले तवा. दीर लातूरहून यायचा होता, घरात दुसरं कुणी गडीमाणूस न्हाई. मी धावत आले आन् 'लवकर द्या, लवकर द्या' म्हणत राहिले. गुरुपादप्पानं मला बसवलं, चहा पाजला. म्हणले, 'आक्का, त्यांना आता कसलीच घाई न्हाई. तुम्ही आधी श्वास घ्या.'"

शिवकन्यानं हातातली पिन खाली ठेवली. तिनं दारातून हाक मारून चहा सांगितला.

चहा पिऊन झाल्यावर दानम्मा आरशासमोरच्या दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि हनुवटी वर केली.

"इथं दोन केस आलेत बघ. लग्नात फोटोवाले लई जवळ येत्यात म्हणं. काढून टाक."