त्या रात्री इथं झोपलेली माणसं

माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान न्यालोराच्या लायब्ररीसमोर आहे. मध्ये फक्त रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला जाळ्यांवर सुकत घातलेली ओमेना, सरोवरातली बोटभर मासळी. त्यामुळे मिल्ड्रेड अडोंगो इथे बदलून आली तेव्हापासून जे झालं, त्यातलं बरंचसं मी बसल्या जागेवरून पाहिलं.

आधीचा लायब्रेरियन सकाळी दार उघडायचा, पेपर वाचायचा आणि जेवायच्या वेळी दार लावून जायचा. त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मिल्ड्रेड पस्तिशीची, माहेर अलेगोकडचं, पण नोकरीची सगळी वर्षं नैरोबीत गेलेली. लोकांनी तिला आल्याआल्या ‘अलेगोची लेक’ करून टाकलं. बोलायला चटपटीत होती, पण मासळीतलं तिला काही म्हणता काही कळत नव्हतं. ओमेना ती वजनावर मागायची, आणि बायका एकमेकींकडे बघून हसायच्या, कारण इथे ती डब्याने मोजतात.

काउंटीच्या मुख्य कचेरीने तिला एक काम लावून पाठवलं होतं. सरोवराच्या आमच्या बाजूला दोन जुन्या लायब्रऱ्या, एक आमची आणि दुसरी कोमोलोची. नवी इमारत दोघींपैकी एकीलाच मिळायची होती. दोन्हीकडच्या लायब्रेरियननी आपापल्या वस्तीची माहिती जमवून पाठवायची: माणसं किती, कोणत्या वयाची, कशावर जगतात, वाचता कितींना येतं. मिल्ड्रेड शिरगणतीचे तक्ते छापून घ्यायला माझ्याकडे आली आणि छापता छापताच वाचायला लागली.

“अपोंडीची आई, हे बघा. बायकांच्या जवळजवळ दुप्पट पुरुष! तेही बहुतेक विशी-तिशीतले. आणि एका घरात सरासरी माणसं दोनसुद्धा नाहीत.”

“माझ्या घरात नऊ आहेत,” मी म्हटलं. “बाकीची सात कुणाच्या वाटची आणली मी?”

ती हसली, पण तक्ते तिने खरे धरले. का धरू नयेत? सरकारने मोजलेले होते. तरुण पुरुष, मासेमारी करणारे, रात्री पाण्यावर आणि सकाळी झोपलेले. तिने लायब्ररीची वेळ दुपारची केली. कचेरीकडे पत्रावर पत्र पाठवून होडीच्या इंजिनाच्या दुरुस्तीची पुस्तकं मागवली, सौर दिव्यांची मागवली, फुटबॉलची मासिकं मागवली. किनाऱ्यावर होड्या लागतात तिथे पाटी लावली. मग टेबलाशी बसून राहिली.

कुणी आलं नाही. म्हणजे शाळेची पोरं संडास कुठे आहे विचारायला आली, आणि एकदा एक बकरी थेट आतपर्यंत गेली. महिनाभर मी समोरून बघत होते. दुपारच्या उन्हात ती इंजिनांची पुस्तकं पुसून परत जागेवर ठेवायची.

एके दिवशी ती चहाला माझ्याकडे आली. मंदाझीचा, तळलेल्या गोड पावाचा, तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, “हे पुरुष आहेत कुठे? मला सांगा. कागदावर एवढे आहेत की किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसावी. आणि मला दिसतात त्या सगळ्या बायका. सुकवणाऱ्या, वेचणाऱ्या, पाठीवर पोर बांधलेल्या.”

खरं तर मी तेव्हाच सांगू शकले असते. पण आमच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. पाऊस का पडतो हे कुणी विचारलं तर माणूस जसा गोंधळतो तसं झालं माझं. “फिरतात ते,” एवढंच मी म्हणाले.

तेवढ्या दोन शब्दांवर ती उठली. पुढचे काही आठवडे तिने गाव पायाखाली घातलं. दवाखान्यात नर्सबाईंकडून बाळांच्या लसीचे आकडे घेतले; ते तक्त्याशी जुळले. शाळेचा पट जुळला. मतदारयादी मात्र जुळेना. यादीत पुरुष मूठभर, शिरगणतीत ढीगभर. मग ती किनाऱ्यामागच्या पत्र्याच्या खोल्यांच्या चाळींत गेली. ओळीने खोल्या, आणि ओळीने कुलुपं. त्या खोल्यांतल्या बऱ्याचशा मामा पेरेसच्या.

मामा पेरेस म्हणजे आमच्याकडची ओमेनाची मोठी व्यापारीण; पोक्त बाईला इथे ‘मामा’, म्हणजे आई, म्हणतात. नवरा गेला त्याला जमाना झाला. तिच्या शब्दाशिवाय किनाऱ्यावर एक जाळं वाळत पडत नाही. कुलुपांबद्दल मिल्ड्रेडने विचारलं ते माझ्या दुकानाच्या पायरीवरच, म्हणून मला ऐकू आलं.

“भाडेकरू आहेत माझे.”

“कुठे आहेत, मामा?”

“बेटांकडे. ओमेना तिकडे सरकली की तेही सरकतात. इकडे परत आली की काळोख्या रात्रींना येतात, दिवे लावून मारतात, चंद्र मोठा झाला की निजतात. चारेक महिने झाले की चालले पुन्हा. काही बुसियाकडचे, काही पार पलीकडच्या देशातले. तुला काय करायचंय? लग्न करायचंय त्यातल्या एखाद्याशी?”

“शिरगणती झाली त्या रात्री ते इथे होते?”

पेरेस अभिमानाने म्हणाली, “त्या रात्री? अगं पोरी, हंगामाची पहिली काळोखी होती ती! मासेमारीची बंदी नुकतीच उठलेली. एका खोलीत सहा-सहा जण, आणि जो तो वेगळं घर म्हणून लिहिलेला. मोजणारा पोरगा घामाघूम झाला होता.”

मिल्ड्रेडने पिशवीतला तक्ता काढून पुन्हा पाहिला. मग मला म्हणाली, “म्हणजे मोजणीत चूक काहीच नाही. त्या रात्री जे इथे झोपले ते मोजले. मीच त्यांना वर्षभर इथे झोपवलं.”

एवढ्यावर थांबली असती तर तिचं गावाशी वाकडं आलं नसतं. पण आता तिला हवं होतं ते वर्षभराचं गाव. प्रश्नांचा कागद तिने मला टाइप करायला दिला आणि जाळ्यांपाशी बसून बायकांना एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. वय, घरातली माणसं, कमाई, आणि वाचता येतं का. शेवटच्या प्रश्नाशी तिची गाडी अडली. कागदावर दोनच रकाने होते, ‘येतं’ आणि ‘येत नाही’. तरुण मुली म्हणायच्या, येतं. अगदी म्हाताऱ्या म्हणायच्या, नाही. मधल्या वयाच्या बायका म्हणायच्या, “यायचं.”

“यायचं म्हणजे काय?” तिने मामा पेरेसला विचारलं.

“यायचं म्हणजे यायचं. मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेय मी. चर्चमध्ये पाठ मीच वाचायचे. हल्ली नाही वाचत.”

“का?”

“हल्ली छापतातच बारीक. कागद वाचवतात मेले.”

मिल्ड्रेडने पिशवीतून धोलुओमधलं, म्हणजे आमच्या भाषेतलं, एक गोष्टींचं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. पेरेसने ते हातभर लांब धरलं, मग अजून लांब, मान मागे नेली, आणि मग पुस्तक मांडीवर टाकून म्हणाली, “उन्हामुळे.” तेव्हा आभाळ भरलेलं होतं. संध्याकाळी येऊन मिल्ड्रेडने मला कागदावर ‘यायचं’ असा तिसरा रकाना पाडायला सांगितला.

तिने जे लिहून काढलं त्यात दोन गावं होती. एक हंगामातलं, तरुण पुरुषांनी भरलेलं. दुसरं वर्षातले बाकीचे महिने असणारं. त्यात निम्म्याहून कमी माणसं, बहुतेक बाया आणि पोरं, कमाई सुक्या मासळीवर. मी ते टाइप करत असतानाच चीफ ओबुरा दुकानात आले. चीफ म्हणजे सरकारने नेमलेले आमच्या भागाचे अधिकारी, साठीला टेकलेले, काठीशिवाय न दिसणारे. ते आले होते आपल्या कामाला. पण पडद्यावरचा तक्ता त्यांनी उभ्याउभ्या वाचला आणि मला म्हणाले, “बोलाव तिला.”

मिल्ड्रेड रस्ता ओलांडून आली.

“मॅडम, तुम्ही आमची अर्धी माणसं खाल्लीत,” चीफ म्हणाले. “मिठाबरोबर की तशीच?”

“मी कुणाला खाल्लं नाही, चीफ. दोन्ही आकडे दिलेत.”

“दोन दिले की कचेरी लहान तेवढा वाचते. पाण्याची लाइन त्या मोठ्या आकड्यावर मागितलीय आम्ही. दवाखान्याला डॉक्टर त्याच आकड्यावर मागितलाय. त्या रात्री मी स्वतः त्या मोजणाऱ्या पोराबरोबर दारोदार फिरलो होतो. होड्या पाण्यात जाण्याआधी एकेकाला पकडून बसवलं. ती माणसं इथे झोपली होती की नव्हती?”

“होती.”

“मग?”

“मग उरलेलं वर्षभर ती इथे नसतात. मी त्यांच्यासाठी पुस्तकं मागवली, चीफ. इंजिनांची! बघायची असतील तर चला, धूळसुद्धा बसू दिली नाही मी.”

“ते हंगामात आले की आमचंच पाणी पितात ना? आमच्याच दवाखान्यात येतात. पाणी काय चंद्र बघून लागतं?”

चीफचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि मिल्ड्रेडला ते कळलं. “हेही लिहिते,” ती म्हणाली. “पाणी आणि दवाखाना मोठ्या आकड्यावरच हवा, असं स्पष्ट लिहिते. पण लायब्ररी दुसऱ्या आकड्यावर.”

“तुझं कोण वाचणार आहे एवढं?” ‘मॅडम’ गळून पडली होती. “बाहेरची आहेस. आज आहेस, उद्या बदली घेऊन जाशील. आम्हाला इथेच मरायचंय.”

पुढच्या शनिवारी चीफनी सभा बोलावली. माणसं बरीच जमली, म्हणजे बायकाच. चीफनी आरडाओरडा केला नाही. कागद जसा आहे तसा गेला तर नवी इमारत कोमोलोला जाईल, एवढंच सांगितलं. मग पेरेस उठली. “लायब्ररीतल्या बाईंनी माझ्या कुलुपांत नाक खुपसलं,” ती म्हणाली, “आणि मी भोळेपणाने सांगत गेले.” लोक हसले, पण ते हसू मिल्ड्रेडच्या बाजूचं नव्हतं. मिल्ड्रेडला बोलायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मी मोठा आकडा एकटा पाठवला, तर इमारत येईल आणि तिच्यात तुमच्यासाठी काही नसेल. आता जे आहे तसंच, फक्त मोठं.” कुणी टाळी वाजवली नाही. कुणीतरी मागून म्हणालं, “मोठं तरी होईल!”

सोमवारी ती माझ्याकडे आली. रात्रभर झोप झालेली दिसत नव्हती. मी विचारलं, “काढून टाकू दुसरं पान?”

“नको.” मग पानं नीट लावत म्हणाली, “काढलं तर मला कुणी विचारणारसुद्धा नाही, नाही का?”

“कोण विचारणार?”

“तेच तर.”

तिने पाण्याचा परिच्छेद वरती आणायला लावला, ठळक करायला लावला, दोन्ही तक्त्यांवर महिने घालायला लावले आणि सही केली. मी पाकीट चिकटवलं. मला ते पटलं होतं की नाही, आजही नक्की सांगता येणार नाही. माझी बहीण लांबून डोक्यावर पाणी आणते.

इमारत कोमोलोला गेली. तिकडे मोठी शाळा आहे, वसतिगृह आहे. ते आधीच ठरलं होतं असं वॉर्डाचा मेंबर मला नंतर म्हणाला, पण मेंबर लोक काहीही म्हणतात. गावाने मात्र दोष कुणावर ठेवायचा ते ठरवून टाकलं होतं. काही दिवस मिल्ड्रेडला किनाऱ्यावर कुणी ‘ये बस’ म्हटलं नाही. चीफनी सभेनंतर तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. समोरून आली तर काठीकडे बघत निघून जातात. पाण्याच्या लाइनीचे पाइप पुढच्या वर्षी आमच्या वेशीपर्यंत आले आणि तिथेच थांबले आहेत. ते मोठ्या आकड्यामुळे आले की लहान आकड्यामुळे थांबले, यावर चहाच्या टपरीवर अजून वाद होतो.

इमारतीऐवजी आम्हाला मिळाली दोन खोकी. एकात धोलुओ आणि स्वाहिलीतली पुस्तकं. दुसऱ्या खोक्याचं मागणीपत्र कचेरीने मिल्ड्रेडकडे दोनदा परत पाठवलं होतं, कारण लायब्ररीच्या खर्चात ती वस्तू बसत नव्हती. वाचायचे चष्मे. साधे, तयार नंबरांचे. तिसऱ्या रकान्यात किती बायका होत्या ते नर्सबाईंकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घेऊन तिने ते मिळवले. पुस्तकासारखेच घरी न्यायचे आणि परत आणायचे.

पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग एका दुपारी, मासळी पसरून झाली होती आणि उलटायला वेळ होता, तेव्हा चर्चमधली एक बाई आत गेली. दोन दिवसांनी तिच्या जावा गेल्या. पेरेस तब्बल महिन्याने गेली, जणू लायब्ररीच्या भिंतीला ओल आली आहे का ते बघायला. एकेक चष्मा नाकावर चढवून तिने फळीवरचं धोलुओ पुस्तक उघडलं. मी माझ्या दुकानातून बघत होते. ती उभीच राहिली, बराच वेळ. ओठ हलत होते. मग तिने खुर्ची ओढली.

मिल्ड्रेड तिच्याकडे बघत नव्हती. ती रजिस्टरात काहीतरी लिहीत होती, किंवा लिहिल्यासारखं करत होती.

आता पेरेस आठवड्यातून दोनदा जाते, रविवारी चर्चमध्ये पाठही पुन्हा तीच वाचते, जरा जास्तच मोठ्याने. मिल्ड्रेडची बदली अजून झालेली नाही. तिने मागितलीही नाही. ती ओमेना पेरेसकडूनच घेते, डब्याने मागून. पेरेस डबा काठोकाठ भरते, पण आमच्यासाठी दाबते तसा हाताने दाबून आणखी घालत नाही, आणि पैसे बाहेरगावच्या गिऱ्हाइकाचे लावते.

“अजून?” मी एकदा तिला विचारलं.

“अजून,” पेरेस म्हणाली, आणि जाळं झटकायला लागली.