पंचवीसचे चार

कोलशेतच्या आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात त्या सकाळी नियंत्रणाच्या पेटीला हार घातला होता आणि तीस माणसं तिच्यापुढे हात जोडून उभी होती. महिनाभर रंगाच्या टाकीचं तापमान वरखाली होत होतं, कापडावर डाग पडत होते. शेवटी सहदेवशेठनी अंकमहाराजांना बोलावलं. जुन्या पेटीवरचा पंचवीस हा आकडा पाहून महाराज म्हणाले, दोन नि पाच सात, सात म्हणजे केतू. नवी पेटी लावा, आकडा चार ठेवा. टाकी सांभाळणाऱ्या मालनची जन्मतारीखही सात, तिला काढा. पेटी बदलली आणि तापमान सुतासारखं सरळ झालं.

मी वीस वर्षं इथे मेकॅनिक आहे. असले महाराज पाहून इतका थकलोय की वाद घालायचाही कंटाळा येतो. पण मालन डबा नि चपला पिशवीत भरत होती. तिच्या एकटीच्या पगारावर घर चालतं. मला ते बघवेना.

शेठना म्हणालो, तापमान जरा चुकलं की वाफ किती जोराने कमीजास्त करायची, त्याचा हा आकडा. जुनी पेटी जे शंभरातले पंचवीस म्हणून सांगते, तेच नवी चौपट म्हणून सांगते. शंभराला पंचवीसने भागा. वाफेला हुकूम तोच, लिहायची तऱ्हा वेगळी.

"मग फरक कसा पडला, रवींद्र?"

महाराजांनी टाकी रिकामी करून सगळं गंगाजलाने धुवायला लावलं होतं. त्यात मदतनीस धाकूने तापमान मोजणाऱ्या नळीवरचा क्षारांचा थर खरवडला होता. थर असला की नळीला ऊब उशिरा कळते, वाफ उशिरा बंद होते आणि उशिराच सुरू होते. नळी साफ करा, असं मालनने टाकीच्या नोंदवहीत तीनदा लिहिलं होतं. कोणी वाचलं नाही. मीही नाही.

दुपारी मी जुनी पेटी परत पंचवीसवर लावली. तापमान सरळ. महाराज म्हणाले, केतू दुपारी विश्रांती घेतो. मग नवी पेटी चारवर लावली आणि क्षारांच्या थराऐवजी नळीला जाड रबर गुंडाळलं. तासाभरात तापमान पुन्हा नाचायला लागलं. महाराजांनी गाडी मागवली.

शेठनी मालनला थांबायला सांगितलं. पेटीवरचा हार मात्र कोणी काढला नाही. आकडा बदलला म्हणजे यंत्र बदलत नाही, एवढं तरी ध्यानात ठेवा. नमस्कार करण्याआधी एकदा यंत्रात हात घालून बघा.

मालनने पिशवी खाली ठेवली. "काका, वही आता तरी वाचाल ना?"

मी वही उघडली.